मेटॅलिक की साधा? गाडीचा रंग ठरवण्याआधी हे बघून घ्या

गाडी घेताना मॉडेल, इंजिन आणि फीचर्सवर आठवडेच्या आठवडे खल होतो. रंग मात्र रंगांच्या नमुन्यांचं कार्ड समोर आलं की पाच मिनिटांत ठरतो. मेटॅलिकला थोडे जास्त पैसे पडतात, चमक छान दिसते, झालं. पण गाडी रोज उन्हात उभी राहणार, पुसली जाणार आणि कधी ना कधी कुठेतरी घासणार. मेटॅलिक आणि साध्या रंगातला खरा फरक त्या दिवशी कळतो, ज्या दिवशी पहिलं दार रंगवायला जातं. म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: रंग कसा बनतो आणि कसा दुरुस्त होतो ते आधी, कार्डावरची निवड नंतर.

हाताशी काय लागेल

- मोबाइलचा टॉर्च आणि एक स्वच्छ, मऊ पांढरा कपडा
- रंगाची जाडी मोजणारं यंत्र. स्वतःचं नसलं तरी ताबा घेताना एक दिवस कुणाचं तरी मागून आणा
- तुमच्या व्हेरिएंटला मिळणाऱ्या सगळ्या रंगांची यादी, कोडसकट
- बुकिंग फॉर्म, बिल आणि वॉरंटी पुस्तिकेतली रंगाबद्दलची पानं

## १. पत्र्यावर नेमकं काय असतं ते समजून घ्या

कारखान्यात कोऱ्या पत्र्यावर आधी रासायनिक प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने गंजरोधक थर चढवतात. हा ई-कोट, साधारण २० मायक्रॉन. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, ३० ते ४० मायक्रॉन. त्यावर प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट, बहुतेक वेळा १५ ते २० मायक्रॉन. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. १००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर, यावरून रंग किती पातळ असतो ते लक्षात येईल. काही नव्या कारखान्यांत वेगळा प्रायमर गाळतात, तिथे एकूण जाडी आणखी कमी असते.

मेटॅलिक आणि साधा यांतला फरक मुख्यतः त्या १५-२० मायक्रॉनच्या बेस कोटमध्ये असतो.

साध्या, म्हणजे सॉलिड रंगात फक्त रंगद्रव्य असतं. उजेड कुठूनही पडला तरी तो सारखाच दिसतो. याचेही दोन प्रकार आहेत. एकात रंग आणि चमक एकाच थरात असतात, वर क्लिअर कोट नसतो. याला सिंगल स्टेज म्हणतात. दुसऱ्यात बेस कोटवर वेगळा क्लिअर कोट असतो. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत दुसरा प्रकार आढळतो, तरी काही गाड्यांच्या साध्या रंगांत पहिलाही मिळतो.

मेटॅलिकमध्ये रंगद्रव्यासोबत ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक, चपटे कण असतात. ते पृष्ठभागाला समांतर आडवे पडले की समोरून बघताना रंग उजळ दिसतो आणि तिरकं बघितलं की गडद. बॉनेटच्या वळणावर रंग हलल्यासारखा वाटतो तो यामुळे. ॲल्युमिनियम उघडं राहिलं तर काळवंडतं, म्हणून मेटॅलिकवर क्लिअर कोट हवाच.

पर्ल किंवा मायका रंगात ॲल्युमिनियमऐवजी धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेले अभ्रकाचे कण असतात. त्यांची चमक मऊ असते आणि कोन बदलला की रंगाची झाकही बदलते. तीन थरांच्या रंगात खाली एक रंग, त्यावर अर्धपारदर्शक थर आणि मग क्लिअर कोट असतो. दिसायला सगळ्यात देखणा आणि दुरुस्तीला सगळ्यात अवघड प्रकार हाच. मॅट रंगाबद्दल एवढंच सांगतो की त्यावर रबिंग-पॉलिश चालत नाही. घासलं की तेवढाच भाग चकचकीत होतो आणि तो परत मॅट करता येत नाही. पहिलीच गाडी असेल तर मॅटच्या वाटेला जाऊ नका.

## २. यादीतला रंग कुठल्या प्रकारचा आहे ते काढा

कार्डावरच्या नावावर विसंबू नका. ‘मिडनाइट’, ‘आर्क्टिक’, ‘फायरी’ असल्या नावांवरून प्रकार कळत नाही. रंगाचा कोड मागा. काही कंपन्यांच्या कोडमध्येच उत्तर असतं. होंडाच्या कोडमध्ये शेवटी ‘एम’ असेल तर मेटॅलिक आणि ‘पी’ असेल तर पर्ल: एनएच-७००एम हा अलाबास्टर सिल्व्हर मेटॅलिक, एनएच-८८३पी हा प्लॅटिनम व्हाइट पर्ल, आणि शेवटी अक्षर नसलेला एनएच-५७८ हा साधा टॅफेटा व्हाइट.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते पांढऱ्या रंगात. टोयोटाचा ०४० साधा पांढरा आहे आणि ०७० तीन थरांचा पर्ल पांढरा. लांबून दोन्ही ‘पांढरेच’ दिसतात, पण उद्या दार ठोकलं गेलं तर दोन्हींचं काम पूर्ण वेगळं. लाल रंगाचंही तसंच. माझदाचा ४६व्ही, म्हणजे सोल रेड क्रिस्टल, नावात मेटॅलिक असला तरी बांधणीने तीन थरांचा आहे.

गाडी समोर असेल तर टॉर्च पेटवून पत्र्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि हळूहळू तिरका करा. चमचमणारे ठिपके दिसले तर मेटॅलिक किंवा पर्ल. रंगीत झाक मारणारे ठिपके पर्लचे, रुपेरी ठिपके ॲल्युमिनियमचे. काळ्या आणि गडद निळ्या रंगांत ही परीक्षा जरूर करा, कारण सावलीत साधे वाटणारे बरेच गडद रंग टॉर्चखाली मेटॅलिक निघतात.

साध्या रंगावर क्लिअर कोट आहे का, हे विचारूनच घ्या. जुनी गाडी बघत असाल आणि मालकाची परवानगी असेल तर दाराच्या आतल्या कडेला, सहज न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या कपड्यावर थोडं पॉलिश घेऊन हलकं घासा. कपड्याला गाडीचा रंग लागला तर तो सिंगल स्टेज. नव्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

## ३. बोटभर नमुन्यावरून रंग ठरवू नका

शोरूममधले दिवे वरून, टोकदार आणि अनेक असतात. मेटॅलिक कणांना असा उजेड फार मानवतो. त्यामुळे तिथे मेटॅलिक आहे त्यापेक्षा उठून दिसतो आणि साधा फिका वाटतो. त्याच रंगाची गाडी बाहेर तीन वेळा बघा: भर उन्हात, सावलीत किंवा ढगाळ हवेत, आणि संध्याकाळी. ढगाळ उजेडात मेटॅलिकची चमक जवळजवळ झोपते आणि मागे उरतो तो मूळ रंग. तो उरलेला रंग तुम्हाला आवडतो का, हा खरा प्रश्न. वर्षातला बराच वेळ तुम्ही तोच बघणार आहात.

मध्यम करडा मेटॅलिक उन्हात झकास दिसतो, पण संधिप्रकाशात आणि पावसात डांबरी रस्त्याच्या रंगात मिसळतो. हाच तुमचा आवडता असेल तर दिवे लवकर लावायची सवय ठेवा.

## ४. गाडी उभी कुठे राहणार आणि पुसणार कोण?

गाडी किती तापेल हे मेटॅलिक-साधा यापेक्षा रंग फिका की गडद यावर ठरतं. पांढरा आणि चंदेरी कमी तापतात, काळा, गडद निळा, गडद तपकिरी जास्त. गाडी दिवसभर उघड्यावर असेल तर तापलेल्या गडद पत्र्यावर पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक लवकर डाग पाडतात. क्लिअर कोट उन्हात मऊ होतो, गार होताना त्या डागाभोवती आकसतो आणि तिथे कायमची खळी राहते.

दुसरी गोष्ट ओरखड्यांची. कोरड्या कपड्याने धूळ झटकली की क्लिअर कोटवर केसासारखे बारीक ओरखडे पडतात. ते सगळ्याच रंगांवर सारखेच पडतात, दिसण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. साध्या काळ्यावर ते उन्हात जाळ्यासारखे उमटतात. चंदेरी, फिक्या करड्या आणि वाळूच्या रंगाच्या मेटॅलिकवर जवळपास दिसतच नाहीत, कारण खालचे कण उजेड आधीच विखरून टाकतात. साध्या पांढऱ्यावर ओरखडे लपतात, पण डांबराचे ठिपके आणि ब्रेकच्या धुळीतले गंजके तांबूस कण लगेच दिसतात. ते रसायनाने निघतात, रबिंगची गरज नसते.

म्हणजे गाडी रोज कोरड्या फडक्याने पुसली जाणार असेल आणि ते तुमच्या हातात नसेल, तर साधा काळा घेऊ नका. कितीही आवडत असला तरी.

## ५. दुरुस्तीचा हिशेब आधीच मांडा

निवड खरं तर इथे ठरते, म्हणून थोडं सविस्तर.

समजा उजवीकडचं पुढचं दार खरचटलं. रंग साधा पांढरा आहे. कारागीर दार तासतो, प्रायमर मारतो, कोडप्रमाणे रंग बनवून तपासतो आणि दाराच्या कडेपर्यंत मारून थांबतो. शेड नीट जुळलेली असेल तर शेजारच्या पत्र्याला हात लावावा लागत नाही. एक दार बिघडलं, एकच दार रंगलं.

तेच दार मेटॅलिक असेल तर? कोड बरोबर, रंग त्याच डब्यातला, तरी निकाल वेगळा येऊ शकतो, कारण शेड कणांच्या बसण्यावरही अवलंबून असते. स्प्रे गन जवळ धरून रंग ओला पडला की कण खोल बुडतात, वेडेवाकडे उभे राहतात आणि शेड गडद येते. गन लांब धरून किंवा हवेचा दाब वाढवून कोरडा मारला की कण वरच्या बाजूला आडवे राहतात आणि शेड उजळ येते. हात एकसारखा चालला नाही तर पट्टे किंवा ढग उमटतात. म्हणून जाणता कारागीर दाराच्या कडेला थांबत नाही. तो बेस कोट शेजारच्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, आणि मागच्या दारावर विरत नेतो आणि मग तिन्ही पत्र्यांवर पूर्ण क्लिअर कोट मारतो. याला ब्लेंडिंग म्हणतात. एका दाराच्या नुकसानीसाठी तीन पत्र्यांची मेहनत, तीन पत्र्यांचा क्लिअर कोट आणि जास्तीचा वेळ लागतो. अंदाजपत्रकात ब्लेंडिंग दिसलं तर ‘फेंडर तर चांगला आहे, तो कशाला?’ म्हणून ते खोडून टाकू नका. तेच खोडल्यामुळे गाडीचं एक दार जन्मभर वेगळं दिसतं.

तीन थरांच्या रंगात याच्याही पुढची पायरी असते. मधला अर्धपारदर्शक थर किती वेळा मारला यावर रंगाची खोली ठरते. त्यासाठी आधी एका चाचणी-पट्टीवर एक, दोन, तीन, चार असे हात मारून, क्लिअर कोट चढवून, गाडीशेजारी धरून बघावं लागतं. ज्या ठिकाणी ही पट्टी बनवत नाहीत, तिथे तीन थरांचा रंग करायला देऊ नका.

दगड उडून पडलेल्या टिकल्यांचंही तेच. साध्या रंगात टच-अपच्या बाटलीने टिकली भरली की हातभरावरून कळत नाही. मेटॅलिकमध्ये बारीक ब्रशने लावलेल्या थेंबात कण हवे तसे आडवे बसत नाहीत, त्यामुळे तिथे गडद ठिपका दिसतो. गंज थांबतो, ठिपका राहतो. बाटली वापरण्याआधी दोन मिनिटं जोरात हलवा, कण तळाशी बसलेले असतात. आणि मेटॅलिकसाठी दोन बाटल्या लागतात: रंगाची आणि क्लिअरची.

साध्या रंगातही सगळं सोपंच असतं असं नाही. लाल आणि पिवळी रंगद्रव्यं झाकायला कमजोर असतात. खाली प्रायमरची छटा चुकली तर वरचा रंग कितीही मारला तरी वेगळा दिसतो. शिवाय सिंगल स्टेज लाल उन्हात फिका पडतो आणि त्यावर पांढुरकी भुकटी येते. वेळोवेळी पॉलिश करणार असाल तरच तो घ्या.

दुरुस्त झालेली गाडी वर्कशॉपच्या दिव्याखाली ताब्यात घेऊ नका. एका दिव्याखाली जुळलेल्या दोन शेड दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. गाडी बाहेर उन्हात काढा, समोरून बघा आणि मग बाजूला जाऊन तिरकी नजर टाका. मेटॅलिकची चूक बहुतेक वेळा तिरक्या नजरेतच सापडते.

## ६. आता ठरवा

गर्दीत रोज चालणारी, वारंवार घासणारी गाडी आणि आसपास साधीच रंगकामाची सोय असेल तर साधा पांढरा घ्या, क्लिअर कोट असलेला. दुरुस्ती सोपी, ऊन कमी खेचतो, रात्री दिसतो.

गाडी नीट जागेवर उभी राहते, फारशी घासत नाही, पण धुण्या-पुसण्याकडे तुमचं लक्ष राहणार नाही: फिका मेटॅलिक. चंदेरी किंवा हलका करडा. रोजच्या वापरात याच्यासारखा सोशिक रंग नाही. मोठं काम निघालं तर मात्र चांगल्या हाताकडेच द्यावं लागतं.

तीन थरांचा लाल किंवा पर्ल पांढरा मनापासून आवडला असेल तर जरूर घ्या, फक्त दुरुस्तीचा जास्तीचा खर्च मान्य करून. आणि गडद रंगच हवा असेल तर साध्या काळ्यापेक्षा काळा मेटॅलिक थोडा बरा, ओरखडे जरा कमी दिसतात.

मेटॅलिकसाठी जास्तीचे पैसे द्यायचे का, हे विचारताना फक्त आजचा फरक बघू नका. तो एकदाच द्यायचा असतो. ब्लेंडिंगचा फरक दर दुरुस्तीला पडतो. पुढे विकताना पांढरा, चंदेरी, करडा आणि काळा यांना गिऱ्हाईक सहज मिळतं. हटके रंगाला ते शोधावं लागतं.

## ७. बुकिंग फॉर्मवर काय लिहून घ्यायचं

रंगाचं पूर्ण नाव आणि कोड, दोन्ही. नुसतं ‘व्हाइट’ किंवा ‘ग्रे’ लिहिलेल्या फॉर्मवर सही करू नका. छताला वेगळा रंग असेल तर त्याचाही कोड. रंगाचे जास्तीचे पैसे वेगळे लावलेत की किमतीत धरलेत, तेही फॉर्मवर यावं. ‘हा रंग नाही, त्याच्यासारखाच दुसरा आहे’ असं म्हणत बदल सुचवला तर नव्या रंगाचा प्रकार परत दुसऱ्या पायरीपासून तपासा. सारखा दिसणारा रंग साध्याऐवजी तीन थरांचा असू शकतो.

वॉरंटीचं पान बुकिंगच्या वेळीच वाचा. रंगाची आणि पत्रा गंजून आरपार भोक पडण्याची हमी बहुधा वेगवेगळी असते. दगडाच्या टिकल्या, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांनी झालेलं नुकसान सहसा त्यात धरत नाहीत.

## ८. ताबा घेताना

दिवसा जा आणि गाडी धुतलेली, पण कोरडी असू द्या. ओल्या पत्र्यावर काही दिसत नाही.

आधी कोड जुळवा. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा डिकीतल्या स्टेपनीच्या खणात असलेल्या पट्टीवर सापडतो. तो फॉर्म आणि बिलाशी ताडून बघा आणि पट्टीचा फोटो काढून ठेवा. पुढे प्रत्येक दुरुस्तीला तो लागेल.

मग पुढचा बंपर आणि फेंडर जिथे भेटतात तिथे नजर टाका. प्लास्टिकचे बंपर वेगळे रंगवले जातात आणि धातूच्या बॉडीपेक्षा कमी तापमानाला भाजले जातात. त्यामुळे मेटॅलिक रंगात तिथे शेडचा किंचित फरक नव्या गाडीतही दिसू शकतो. किंचित चालेल, पण तीन पावलांवरून डोळ्यांत भरत असेल तर ताबा घेण्याआधीच बोला.

शेवटी जाडीचं यंत्र. छतावर तीन ठिकाणी मोजून त्याला आधार धरा, छत सहसा कोणी परत रंगवत नाही. बाकीचे पत्रे त्याच्या आसपास यायला हवेत. सगळीकडे ११० ते १४० मायक्रॉन आणि एकच दार २५० दाखवत असेल तर ते दार परत रंगवलेलं आहे. वाहतुकीत किंवा यार्डात नव्या गाड्यांनाही लागतं. ५०० च्या पुढे आकडा गेला तर खाली पुट्टी असण्याची दाट शक्यता. ही यंत्रं पत्र्यावरच चालतात, प्लास्टिकच्या बंपरवर आकडा देत नाहीत. यंत्र नसेल तर दाराच्या रबरावर रंगाचा भुरका, कडेला मास्किंग टेपची रेष, किंवा एकाच पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा जास्त जाड पोत दिसतो का ते बघा.

## ९. पहिल्या वर्षात

‘नवा रंग आहे, सहा महिने वॅक्स लावू नका’ हा सल्ला कारखान्यातल्या रंगाला लागू होत नाही. तो भट्टीत साधारण १४० अंशांना भाजून पक्का होऊनच येतो. वॅक्स किंवा पारदर्शक फिल्म लगेच लावली तरी चालते. थांबायचं असतं ते दुरुस्तीत नव्याने मारलेल्या रंगावर, कारण तो कमी तापमानाला सुकवलेला असतो. तिथे किती दिवस थांबायचं हे रंगकाम करणाऱ्याकडून लिहून घ्या.

दर सर्व्हिसला ‘फुकट रबिंग’ मिळत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. क्लिअर कोट ४० मायक्रॉनचा, आणि उन्हापासून वाचवणारी द्रव्यंही त्यातच असतात. जोरदार रबिंगच्या प्रत्येक फेरीत त्यातले काही मायक्रॉन जातात. क्लिअर कोट फार पातळ झाला की छत आणि बॉनेटवर त्याचे पोपडे सुटू लागतात, आणि मेटॅलिकमध्ये ते टच-अपने झाकता येत नाहीत. पूर्ण पत्राच रंगवावा लागतो.

गाडीच्या बंपरमागे रडार असेल, म्हणजे मागच्या कोपऱ्यांतल्या गाड्यांचा इशारा देणारं किंवा पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं, तर बंपर रंगवायला देण्याआधी ते सांगा. मेटॅलिक कणांमुळे आणि एकावर एक चढवलेल्या थरांमुळे रडारच्या लहरी कमकुवत होतात, रडारसमोर पुट्टी भरली तर आणखीच. बऱ्याच कंपन्या त्या भागात पुट्टी आणि जास्तीचे थर चालत नाहीत असं स्पष्ट सांगतात. जुना रंग न काढता त्यावरच नवा मारणार असतील तर नको म्हणा, आणि काम झाल्यावर रडारची तपासणी करूनच गाडी घ्या.